मास्तर ‘शुड’ शिकले

मास्तर कमी बोलायचे. मशीनशी बोलायचे, बोथट कात्रीवर खेकसायचे, अडकलेल्या चेनला समजावायचे. पण माणसांशी बोलायचं काम त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे होतं.

परदेशातल्या एका गावात त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काउंटर, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. मागच्या खोलीत मास्तरांची मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एकुलती एक खिडकी. ती उघडली की शेजारच्या लाँड्रीची वाफ आत यायची. नवे कपडे ते शिवत नसत. लोकांनी तयार घेतलेले, कुणाकडून वापरायला मिळालेले, वजन वाढल्यामुळे किंवा उतरल्यामुळे अंगाशी भांडायला लागलेले कपडे त्यांच्याकडे यायचे आणि समजूत काढल्यासारखे होऊन परत जायचे. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपली भाषा येत नसे. काउंटरवर इंग्रजीच चालायचं, आणि ते काकूंचं असायचं.

काकू शाळेत फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचं इंग्रजी ऐकणाऱ्याच्या जिवाला बरं वाटायचं. एखादी बाई घट्ट ड्रेसमध्ये श्वास कोंडून आरशापुढे उभी राहिली की काकू मान तिरकी करून बघायच्या, जरा थांबायच्या, मग हळूच काहीतरी बोलायच्या. बाई हसायची, श्वास सोडायची आणि म्हणायची, “यू आर राइट.” मागे बसलेल्या मास्तरांपर्यंत त्यातला फक्त शेवट यायचा.

“अहो, माया आहे का आत?” काकू दारातून विचारायच्या.

शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माया असेल तर कपडा सैल करता येतो, नसेल तर देवालाही करता येत नाही. मास्तर कपडा उलटा करून बघायचे आणि “आहे” किंवा “नाही” म्हणायचे. दिवसभरात नवराबायकोचं दुकानातलं बोलणं एवढंच.

मास्तरांना इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. तरुणपणी ते कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथे इंग्रजी कानावर पडायचं ते सुपरवायझरच्या तोंडून. कट! प्रेस! क्विक! यू मस्ट फिनिश! त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत कामाचे शब्द भरपूर होते, बाकी सगळा आनंद होता. खरं सांगायचं तर मराठीतही ते ‘कर’, ‘ठेव’, ‘नको’ एवढ्यावरच भागवायचे. मुलगी लहान असताना म्हणायची, “आई, बाबा सायकलच्या घंटीसारखे बोलतात.”

काकू गेल्या त्या अगदी अचानक नाही, पण मनाची तयारी व्हावी इतक्या सावकाशही नाही. आधी जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. मग काउंटरमागे एक स्टूल आलं. मग त्या स्टुलावरही कुणी दिसेनासं झालं.

त्यानंतर मास्तरांकडे सल्ल्यांची रीघ लागली. लाँड्रीवाला म्हणाला, दुकान देऊन टाका आणि आराम करा. डॉक्टर म्हणाले, रोज चालायला जा. लग्न करून दूरच्या शहरात गेलेली मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, एखादं मांजर पाळा ना.” काकूंची धाकटी बहीण, मास्तरांची मेहुणी, याच गावात विम्याच्या ऑफिसात कामाला होती. ती म्हणाली, “भावोजी, आमच्याकडे राहायला या.” हे ती दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली नाही. मास्तर सगळ्यांना “बघू” म्हणायचे आणि घरी जाऊन ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायचे. एका माणसासाठी टेबल पुसायचं त्यांना जिवावर यायचं.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं, आणि पहिल्यांदाच काउंटरच्या मागे उभे राहिले.

पहिल्याच आठवड्यात एक बाई हिरवा ड्रेस घेऊन आली. भावाच्या लग्नात घालायचा होता. मास्तरांनी तो उलटा करून बघितला. आत माया नव्हती, बाजू ताणल्या असत्या तर लग्नातच उसवल्या असत्या. तिची फजिती होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. तोंडातून निघालं ते असं : “यू फॅट फॉर धिस. यू मस्ट नॉट वेअर.”

बाईने ड्रेस परत पिशवीत कोंबला. त्याची घडीसुद्धा केली नाही.

मग एक गृहस्थ आले. त्यांना मास्तरांनी खिशात हात घालायची बंदी केली, कारण खिसे लोंबत होते. मग एक म्हातारी आली. तिच्या हातात पुरुषाचा जुना कोट होता आणि तो तिला स्वतःच्या मापाचा करून हवा होता. मास्तरांनी कोपर दाबून बघितलं, कॉलर खालून वर केली. कापड विरलं होतं, कात्री लागली असती तर सुटून आलं असतं. “थ्रो,” ते म्हणाले. “क्लॉथ फिनिश. यू मस्ट थ्रो.” म्हातारी कोट छातीशी धरून निघून गेली. तो कोट कुणाचा असेल, हे मास्तरांच्या डोक्यात आलं ते दुपारी इस्त्री करताना. ते धावत रस्त्यावर आले. रस्त्यावर अर्थातच ती नव्हती. इस्त्री मात्र तेवढ्यात एका पांढऱ्या शर्टावर आपली खूण ठेवून गेली.

गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. काकू नाहीत म्हणून येत नसतील, असं मास्तरांना वाटायचं, आणि ते खरंही होतं, फक्त त्यांना वाटत होतं त्या अर्थाने नाही. एका शनिवारी मेहुणी ऑफिस सुटल्यावर दुकानात येऊन बसली. तिच्यासमोर एक तरुण पँट घेऊन आला आणि मास्तरांचं बोलणं ऐकून, विचार करतो म्हणून बाहेर पडला.

“भावोजी, तुम्ही त्याच्यावर रागावलात का?”

“छे! मी कशाला रागावू?”

“मग ते ‘यू मस्ट, यू मस्ट’ काय? पोलीससुद्धा इतका दम देत नाही.”

“अगं, कंबर उसवायलाच पाहिजे त्याची. ‘पाहिजे’ला ‘मस्ट’च ना?”

“ताई काय म्हणायची अशा वेळी?”

मास्तरांनी आठवून बघितलं. इतकी वर्षं हातभर अंतरावर बायको बोलत होती. तिचा आवाज त्यांना आठवत होता, हसणं आठवत होतं, पण वाक्य एकही नाही. मशीनच्या आवाजात सगळं वाहून गेलं होतं. “एक आठवतंय,” ते शेवटी म्हणाले. “‘इफ आय वेअर’ असं काहीतरी म्हणायची. नेहमी म्हणायची. मी घातलं तर, म्हणजे कपडा अंगात घातला तर, असं काहीसं.”

“असेल,” मेहुणी म्हणाली. तिचं इंग्रजी विम्यापुरतं होतं. “वाचनालयाच्या वर संध्याकाळचा वर्ग असतो मोठ्या माणसांसाठी. आमच्या ऑफिसातली सफाईवाली जायची. तुम्ही जा तिथे. नाहीतर दुकान बंद करा. असं लोकांना हाकलून लावण्यात काय अर्थ आहे?”

हा सल्ला मास्तरांनी घेतला. का घेतला, असं मी त्यांना विचारलं होतं. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, माझ्या दोन जाकिटांना त्यांनी जीवदान दिलंय. ते म्हणाले, “संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं.”

वर्गाची खोली दिवसा मुलांची असायची. खुर्च्या बुटक्या, भिंतीवर प्राण्यांची चित्रं. मास्तर जिराफाखाली बसायचे, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकायचे. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीहून लहान होत्या. त्या अर्थात इंग्रजीतच बोलायच्या. मास्तरांनी मला सांगितलं ते आपल्या भाषेत, म्हणून मीही तसंच सांगतो. सुरुवातीचे धडे बाजाराचे आणि पत्ता विचारायचे झाले. मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर एक शिडी काढली.

“आज आपण सल्ला द्यायला शिकणार आहोत,” त्या म्हणाल्या.

शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांनी ‘मस्ट’ लिहिलं. त्याखाली ‘हॅड बेटर’. याच्या पोटात एक ‘नाहीतर’ लपलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. त्याखाली ‘शुड’. मग ‘कुड’. आणि जमिनीच्या जवळ ‘व्हाय डोन्ट यू’, ‘हाऊ अबाउट’. “खाली उतरत जाल तसा समोरच्याला जास्त मोकळा श्वास मिळतो,” बाई म्हणाल्या. मास्तर शिडीकडे बघत राहिले. आपण जन्मभर सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून खाली ओरडत होतो, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

शिडीत न बसणारं एक वाक्य बाईंनी बाजूला लिहिलं आणि मोठ्याने वाचलं : “इफ आय वेअर यू.”

मास्तरांनी हात वर केला. “बाई, वेअर म्हणजे अंगात घालणं?”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. आपल्या कानाला दोन्ही सारखेच, पण अक्षरं वेगळी. “हे कपड्याचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या जागी असते तर, असा याचा अर्थ. मी तुम्ही नाही, होऊही शकत नाही. पण क्षणभर तुमच्या जागी उभं राहून बघते आणि मग सांगते.”

“मग ‘वॉज’ का नाही?”

“खरं नाही म्हणून. जे होणार नाही त्याच्याबद्दल बोलताना इंग्रजीत असं बोलतात.”

मास्तरांनी त्या दिवशी पुढचं काही ऐकलं नाही. वर्ग सुटल्यावर ते घरी जायच्या ऐवजी दुकानात गेले आणि आरशासमोर उभे राहिले. याच आरशापुढे काकू रोज कुणाच्या ना कुणाच्या जागी उभ्या राहायच्या. जाड्या बाईच्या, नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या पोराच्या, विधवा म्हातारीच्या. आणि मागे बसून आपण समजत होतो, कपड्यांची गोष्ट चाललीय. मास्तरांना आरशात एक शिंपी दिसत होता. त्याच्या जागी दुसरं कुणी उभं राहील, असं आता कुणी नव्हतं.

पुढच्या वर्गात बाईंनी जोड्या लावल्या. एकाने आपली छोटीशी अडचण सांगायची, दुसऱ्याने शिडी वापरून सल्ला द्यायचा. मास्तरांच्या वाट्याला बेकरीत काम करणारी एक बाई आली. दांडगी होती, हातांवर भट्टीचे डाग, कानामागे कायम थोडं पीठ. बाकीच्यांच्या अडचणी ‘मला झोप लागत नाही’, ‘माझा शेजारी मोठ्याने गाणी लावतो’ अशा पुस्तकातल्या होत्या. बेकरीवाली थोडा वेळ टेबलावरची रेष बोटाने गिरवत बसली. मग म्हणाली, माझा मुलगा याच गावात राहतो आणि माझा फोन उचलत नाही.

मास्तरांच्या जिभेवर ‘मस्ट’ आलं होतं. त्याच्या घरी जा, दारात बस, कान धर. त्यांनी ते गिळलं. ‘शुड’पर्यंत उतरले. तिथेही पाय स्थिर राहीना. मग आणखी एक पायरी खाली आले.

“यू कुड,” ते म्हणाले, आणि बराच वेळ थांबले. “यू कुड मेक ब्रेड. स्मॉल ब्रेड. पुट निअर हिज डोअर. नो टॉक. गो होम.”

बेकरीवालीने विचार केला. “आय कुड,” ती म्हणाली.

आता पाळी मास्तरांची. त्यांना पुस्तकी अडचण सांगता आली असती, गुडघा दुखतो वगैरे. पण समोरचीने खरं सांगितलं होतं. “माय वाइफ डाइड,” ते म्हणाले. “इव्हिनिंग इज लाँग.”

बेकरीवालीने फळ्यावरच्या शिडीकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. बाई जवळ येऊन म्हणाल्या, हं, काहीतरी सुचवा यांना. ती मान हलवून म्हणाली, “नो, टीचर. आय डोन्ट नो.” बाईंनी पुन्हा आग्रह केला. “आय डोन्ट नो,” ती पुन्हा म्हणाली, आणि आपला हात मास्तरांच्या वहीवर ठेवून तसाच राहू दिला.

काकू गेल्यापासून इतक्या जणांनी इतकं काही सुचवलं, पण माहीत नाही असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. मास्तर म्हणतात, त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी टेबल पुसलं आणि खुर्चीवर बसून जेवले.

बेकरीवाली त्यानंतर काही दिवस आली आणि मग यायची बंद झाली. तिची कामाची पाळी बदलली असं बाई म्हणाल्या. मुलाच्या दाराशी तिने पाव ठेवला का, ठेवला तर पुढे काय झालं, हे मास्तरांना कधीच कळलं नाही. बेकरी कुठली, हे विचारायचंही राहून गेलं. काही दिवस त्यांनी रस्त्यात दिसेल त्या बेकरीत डोकावून बघितलं, आणि गरज नसताना पाव आणला.

दुकानात सराव चालू होता. सरावाचं गिऱ्हाईक म्हणून मास्तरांनी कापडी पुतळा काउंटरसमोर आणून उभा केला होता. त्याला मुंडकं नव्हतं, त्यामुळे ते जरा धीट व्हायचे. “हाऊ अबाउट लिटल लूज, मॅडम? व्हाय डोन्ट यू सिट अँड सी?” एकदा हे चालू असताना ऑफिसला जाणारी एक तरुणी मागे येऊन उभी राहिली. त्यांना कळलंच नाही. पुतळ्याने काही उत्तर दिलं नाही तेव्हा ती म्हणाली, “ओके, आय विल सिट.” मास्तरांचे कान लाल झाले. पण ती खुर्चीवर बसली, उठली, घट्ट स्कर्टची अडचण तिचीच तिला कळली, आणि पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन आली. हळूहळू दुकानात पुन्हा वर्दळ दिसू लागली. हिरव्या ड्रेसची बाई आली नाही. कोटवाली म्हातारीही नाही. तिच्या कोटाला आतून नवं कापड लावून तो जगवता आला असता, हे मास्तर मला किमान तीनदा म्हणाले असतील. “फेकायची गरजच नव्हती हो. अस्तर आधाराला धरलं असतं.”

मुलीचा फोन रविवारी यायचा. काकू होत्या तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या आणि शेवटी फोन मास्तरांच्या हातात यायचा. आता तो थेट त्यांच्याच हातात असायचा आणि दोघांनाही त्याचं काय करायचं कळत नसे.

“जेवलात?”

“हो. तू?”

“हो. गोळ्या घेताय?”

“घेतोय. जावई बरे आहेत?”

“आहेत.”

मग दोघं आपापल्या टोकाला थोडा वेळ श्वास घेत बसायचे आणि फोन ठेवायचे.

एकदा तिचा फोन भलत्याच दिवशी, दुपारी आला. मास्तर एका जाकिटाची बिघडलेली चेन उसवत होते.

“बाबा, दुकानात कुणी आहे?”

“नाही.”

“मी घर सोडतेय.”

मास्तरांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. ती तुटक तुटक सांगत गेली. मारहाण नाही, बाहेरचं लफडं नाही, काही नाही. दोघं किती दिवसांपासून एका घरात असूनही वेगळे राहत होते. एकमेकांशी बोलायचे ते फक्त दूध संपलं की.

“आईला माहीत होतं?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

हे त्यांना कुठेतरी बारीक टाचणीसारखं लागलं. “काय म्हणायची ती?”

“काही नाही. ऐकून घ्यायची.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही काही बोलणार नाही का?”

बोलायचं मास्तरांच्या तोंडात तयार होतं. सामान बांध. तिकीट काढ. आजच्या आज इकडे ये. क्रियापदं सगळी हाताशी होती, फक्त सोडायची होती. पण गेले काही महिने रोज शिडी उतरायची सवय झालेली. जीभ आपोआप थांबली आणि मराठीत खालची पायरी शोधू लागली. आणि ती सापडत गेली, कारण त्यांच्या कानात ती आधीपासून होती. डोळे दुखतायत तर दिवा लावून घेता का? जरा पाय मोकळे करून आलात तर? आज बंदच ठेवलं दुकान, तर नाही का चालायचं? काकू त्यांच्याशी असंच बोलत आल्या होत्या. एवढ्या संसारात त्यांनी नवऱ्याला एकदाही ‘करा’ म्हटलं नव्हतं, आणि बहुतेक वेळा मास्तर “नको” म्हणाले होते, आणि काकूंनी ते “नको” ऐकून घेतलं होतं.

“तू इकडे आलीस तर?” मास्तर म्हणाले. “घरातली मागची खोली रिकामीच आहे. तुला वाटलं तर. नाहीतर... तुला काय करावंसं वाटतंय?”



“नको, बाबा,” मुलगी म्हणाली. “रागावू नका. नोकरी इथे आहे माझी. मी एक खोली बघितलीय, लहान आहे पण माझी एकटीची आहे.” मग ती रडली, थोडंच. “तुम्ही ‘ये’ म्हणाला असतात ना, तर मी आले असते. तुम्ही ‘ये’च म्हणणार असं धरून चालले होते. भीत भीत फोन केला. बरं झालं, तसं नाही म्हणालात.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “बरं.”

फोन ठेवल्यावर त्यांनी ती चेन पूर्ण उसवली आणि जाकीट मांडीवर घेऊन बसून राहिले. लाँड्रीतली वाफ आत येत होती. ती त्यांना वाटल्याहून फार लांब होती, त्यांची मुलगी. एक शब्द बोलले असते तर परवा-तेरवापर्यंत घरातल्या मागच्या खोलीत तिची बॅग उघडी पडली असती, नळाचा आवाज आला असता, संध्याकाळी कुणीतरी दार उघडलं असतं. तो शब्द त्यांना चांगला येत होता. दुसरं सगळं विसरले असते तरी तो येत होता.

मेहुणीला कळलं तेव्हा ती तडक दुकानात आली. “भावोजी, बोलावून घ्यायचं ना तिला!”

“विचारलं मी. नको म्हणाली.”

“अहो, असं विचारायचं असतं का अशा वेळी? सरळ ये म्हणायचं!”

“तूच म्हणालीस ना, दम देऊ नका म्हणून.”

“ते गिऱ्हाइकांना!” मेहुणी म्हणाली आणि काउंटरवरची टेप उगीचच गुंडाळत बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. थोड्या वेळाने तिने ऑफिसातल्या बदल्यांचं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं.

वर्ग संपला. वाचनालयाने ती खोली कसल्या तरी सामानासाठी घेतली, बाई दुसऱ्या गावी गेल्या. जाताना त्यांनी मास्तरांना सांगितलं की तुमचं ‘शुड’ छान आहे, पण तुम्ही फार थांबता. लोकांना वाटेल वाक्य संपलं. मास्तर हसले. थांबण्यातच अर्धा सल्ला असतो हे त्यांना काकूंमुळे माहीत होतं, पण ते इंग्रजीत कसं सांगायचं ते येईना, म्हणून नुसतं “थँक यू” म्हणाले.

मुलगी त्या लहान खोलीत राहायला गेली. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते म्हणे, बाकी काही नाही. तिचे रविवारचे फोन लांबू लागले. कधी ती ऑफिसातलं सांगायची, कधी मास्तर गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचे. एकदा तिने काकूंच्या आजारपणाबद्दल विचारलं, जे तेव्हा विचारलं नव्हतं, आणि मास्तरांनी सांगितलं, जे तेव्हा सांगितलं नव्हतं. येतेस का, असं ते प्रत्येक सुट्टीच्या आधी एकदाच विचारायचे. एकदा ती आली, चार दिवस राहिली, घरातल्या मागच्या खोलीची खिडकी पुसून गेली.

मागच्या रविवारी तिने नवी पँट घेतली होती आणि ती लांब होत होती.

“बाबा, मी घरीच आखूड करते. कसं करू?”

“तुला जमलं तर आधी धुऊन घेतलीस, तर बरं पडेल,” मास्तर म्हणाले. “म्हणजे कापड आटायचं तेवढं आटेल. मग घालून बघितलीस, आणि कुणी टाचणी लावायला असेल तर...”

“कुणी नाहीये. मी एकटीच आहे. बाबा, असं काय करताय? सरळ सांगा ना! सुई कुठून घालू?”

मग मास्तरांनी सरळ सांगितलं. शिलाई उसव. दोन बोटं कापड आत ठेव, बाकी काप. नाही, इतकं नको कापूस. दुमड. सुई आतल्या बाजूने घाल, बाहेरच्या कापडाचा एकच धागा उचल, दिसता कामा नये. ती मध्येमध्ये “हं” म्हणत होती, एकदा “आई गं” म्हणाली, बोटाला टोचलं असावं. एक पाय झाला. दुसरा पाय अर्ध्यावर आला. मास्तर डोळे मिटून बसले होते, तिच्या सुईचा आवाज येतोय असं समजून.

तेवढ्यात तिच्याकडे दाराची घंटी वाजली. “बाबा, कुणीतरी आलंय. पुढचं मला कळलं, करते मी. ठेवू?”

“ठेव.”

शिवून झाल्यावर वर ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबायची असते, नाहीतर दुमड फुगलेली दिसते. ते सांगायचं राहून गेलं होतं. मास्तरांनी पुन्हा फोन लावायला बोट पुढे केलं. तिच्याकडे कोण आलंय, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, चहाला आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. खाली रस्त्यावर रविवारची माणसं दोघंदोघं, तिघंतिघं चालली होती. एकाच्या कोटाची मागची शिलाई सुटली होती. मास्तर तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले.